अपघातांतील दोष : नाकारावा कीं पत्करावा?

शके १९४६ च्या मार्गशीर्षांतील, म्हणजे डिसेंबर २०२४ मधील एका संध्याकाळची गोष्ट. माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा इचलकरंजीस एका सूतव्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहितो. दिवेलागण होऊन गेल्यावर तो मोटारीनें हातकणंगल्यास घरीं परत येत होता. उसाच्या गळिताचा हंगाम ऐन भरांत होता. आणि ज्यांनीं आमचा तालुका पाहिला आहे, त्यांना त्या दिवसांतले आमचे रस्ते कसे असतात हें सांगावयास नको. एका ट्रॅक्टरामागें दोन दोन ट्रॉल्या, दोहों अंगांस उसाचे वाढे लोंबत असलेले, आणि मागें तांबडा दिवा असला तर असला! कोरोची मागें टाकल्यावर असाच एक ट्रॅक्टर पुढें लागला. पुतण्या उजव्या बाजूनें त्याच्या पुढें निघाला. आणि ट्रॅक्टरच्या तोंडाशीं येतो न येतो तोंच डाव्या हातच्या शेतवाटेनें वर आलेली एक मोटारसायकल रस्ता ओलांडीत त्याच्या समोर आली. तिच्यावर नवरा, बायको आणि पांच वर्षांचें मूल अशीं तिघें होतीं. मोटारीचा धक्का बसून तिघेंहि रस्त्यावर पडलीं. मूल नुसत्या खरचटण्यावर वांचलें. बाईच्या मनगटास मार बसला, आणि पुरुषाच्या मांडीचें हाड मोडलें.

पुतण्या पळाला नाहीं. गाडी थांबवून त्यानें त्या माणसाला उचलूं लागलें, दुसऱ्या एका गाडींतून दवाखान्यांत पोंचविलें, पण हें सर्व करीत असतां त्याच्या तोंडून एकसारखे एकच शब्द निघत होते, "माझं चुकलं, माझं चुकलं." जमलेल्या माणसांपैकीं कोणा मुलानें तें सारें आपल्या फोनवर टिपून घेतलें.

त्या रात्रीं आमच्या घरांत कोणी जेवलें नाहीं. ओसरीवर सगळी मंडळी बसली. बंधु बँकेंतून निवृत्त झालेले. त्यांचें म्हणणें असें कीं, आतां एक अक्षर कबूल करावयाचें नाहीं. शेतवाटेनें अंधारांतून येऊन जो हमरस्त्यावर घुसला, दोष त्याचा. भावजय म्हणाल्या, "दादा, यंत्रमागावर मजुरी करणारा माणूस आहे. सहा महिने तो उभा राहणार नाहीं. आपण दोष घेतला तर आपलं काय जाणार? विमा आहे ना?" आमच्या घरांतून असें मत पडलें कीं, पन्नास हजार रुपये द्यावे, गांवांतले दोन प्रतिष्ठित गृहस्थ बसवावे, कागद लिहून घ्यावा आणि मोकळें व्हावें. शेजारचे एक स्नेही आले. त्यांना कोर्टकचेऱ्यांचा अनुभव. ते म्हणाले, "पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि सुटा. नाहीं तर पांच वर्षें खेटे घालाल." विम्याच्या प्रतिनिधीचा निरोप याच्या अगदीं उलट होता : चूक कबूल केलेली चालणार नाहीं, पॉलिसींत तशी अटच आहे. आमच्या मातोश्री शहाऐंशी वर्षांच्या. त्या इतका वेळ कांहीं बोलल्या नव्हत्या. त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, त्या माणसाच्या मुलाला रात्रीं जेवूं कोणी घातलें?

या प्रश्नाचें उत्तर कोणापाशींच नव्हतें. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरून दवाखान्यांत डबा जाऊं लागला, तो दीड महिना जात होता. तेवढा एक निर्णय ताबडतोब झाला. बाकीचे व्हावयास फार दिवस लागले. आणि ते करतांना जें वाचावें लागलें, विचारावें लागलें, तें इतर कुटुंबांच्याहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें. आज ज्या घरांत एक तरी मोटार किंवा स्कूटर नाहीं असें घर आपल्या वाचकांत क्वचितच असेल.

प्रथम त्या "माझं चुकलं" विषयीं. आपल्या भाषेंत हे शब्द पुष्कळदां चुकीची कबुली नसतातच. पाहुण्यांना निरोप देतांना आपण "चुकलं-माकलं क्षमा करा" म्हणतों, तेव्हां कांहीं अपराध केलेला असतो असें नाहीं. तरुण मुलाच्या डोळ्यांपुढें माणूस रक्तांत पडलें असतां त्याच्या तोंडून निघालेला तो आक्रोश होता. परंतु फोनच्या चित्रांत आक्रोश आणि कबुली यांतला भेद उमटत नाहीं. आमच्या वकिलांनीं धीर दिला तो असा कीं, पुराव्याच्या कायद्याप्रमाणें कबुली ही विचारांत घेण्याजोगी गोष्ट असली तरी निर्णायक पुरावा नव्हे. ती कोणत्या स्थितींत दिली आणि वस्तुस्थिति काय होती हें दाखवितां येतें. १८७२ च्या जुन्या कायद्यांतहि हें तत्त्व होतें, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमांतहि तें तसेंच आहे. म्हणून अशा प्रसंगीं तोंडून कांहीं निघून गेलें तर आतां सर्व संपलें असें समजून पुढें खोटें बोलूं नये, आणि सगळें कबूलहि करीत सुटूं नये.

मदत करणें म्हणजे दोष पत्करणें नव्हे, हें तर कायदाच सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या १३४ व्या कलमानें जखमी माणसाला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचें कर्तव्य चालकावर घातलें आहे. मग दोष कोणाचा कां असेना. जमावाच्या क्षोभामुळें तें अशक्य झालें तर चोवीस तासांच्या आंत पोलीस ठाण्यावर खबर द्यावयाची. कायदा लिहिणाऱ्यांना आपला देश ठाऊक होता असें हे "जमावाच्या क्षोभा"चे शब्द वाचून मला वाटलें. विमा कंपनीसहि अपघाताची खबर द्यावी लागते. पॉलिसींतली अट मात्र खरी आहे. कंपनीच्या लेखी संमतीवांचून जबाबदारी कबूल करूं नये, देण्याघेण्याचें वचन देऊं नये, रक्कम देऊं नये, असें मोटारीच्या पॉलिसींत छापलेलें असतें. आपण तें वाचीत नाहीं इतकेंच. तेव्हां पन्नास हजार देऊन कागद लिहून घेण्याची योजना तेथेंच बारगळली. डब्यांतली भाकरी "रकमे"च्या व्याख्येंत बसते कीं नाहीं, हें मी कंपनीला विचारलें नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. दोष होता तरी कोणाचा? आश्चर्याची गोष्ट अशी कीं, त्या रात्रीं ओसरीवर दोन तास वाद झाला, पण दोष पत्करावा कीं नाकारावा याविषयीं बोलणारांपैकीं एकानेंहि मुलाला नीट विचारलें नव्हतें कीं, बाबा, घडलें काय?

रविवारीं सकाळीं गवंड्याची फीत घेऊन मी त्याला त्या जागीं घेऊन गेलों. चाळीस वर्षें मुलांना संस्कृत आणि गणित शिकविलें. त्यांतलें गणित येथें कामास आलें. ट्रॅक्टर ज्या मोरीपाशीं थांबला ती मोरी आणि जेथें कांचेचा चुरा अजून पडला होता ती जागा, यांत तेवीस मीटर अंतर भरलें. वेग किती होता, असें विचारतां तो प्रथम "चाळीस-पंचेचाळीस" म्हणाला. मी कांहीं बोललों नाहीं. थोड्या वेळानें तोच म्हणाला, "साठ असेल, काका." ताशीं साठ किलोमीटर म्हणजे एका सेकंदास जवळ जवळ सतरा मीटर. डोळ्यांनीं पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चांगल्या चालकासहि सुमारें एक सेकंद लागतो. तेवढ्यांत सतरा मीटर संपले. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी पूर्ण थांबावयास आणखी वीस मीटर लागतात. एकूण सदतीस. तोच वेग चाळीस असता तर अकरा आणि नऊ मिळून वीस. अंतर तेवीस. म्हणजे चाळिसाच्या वेगानें तो मोटारसायकलीच्या अलीकडे हातभर तरी थांबला असता. साठाच्या वेगानें थांबणें शक्यच नव्हतें. मी तो हिशेब त्याच्या देखत वहीच्या पानावर मांडला. तो मोरीच्या कठड्यावर बसून राहिला.

"हॉर्न वाजविलास का?"

"नाहीं."

"आणि त्याच्या गाडीला दिवा?"

"नव्हता, काका. शपथेवर सांगतों, नव्हता. आणि तो वळणावर थांबलाहि नाहीं."

ट्रॅक्टरवाला पुढें भेटला, तेव्हां त्यानेंहि दिवा पाहिला नसल्याचें सांगितलें. म्हणजे बंधूंचें म्हणणें निम्में खरें होतें आणि भावजयींचेंहि निम्में.

हॉर्नविषयीं मी विचारलें त्याला एक कारण होतें. आपल्या धर्मशास्त्रांत गाडीच्या अपघाताचा विचार झालेला आहे, हें पुष्कळांस माहीत नसतें. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत २९० पासून पुढचे कांहीं श्लोक याच विषयावर आहेत. वेसण तुटली, जूं मोडलें, गाडी तिरपी गेली किंवा मागें हटली, आंस मोडला, चाक मोडलें, चामड्याचे बंध, गळ्याचा दोर अथवा लगाम तुटला, किंवा गाडीवान "बाजूला व्हा" म्हणून ओरडत होता, अशा दहा प्रसंगीं दंड नाहीं. एरवीं मात्र आहे. गाडीवानाच्या अकुशलतेमुळें गाडी भलतीकडे जाऊन नुकसान झालें तर मालकास दोनशें पण दंड. गाडीवान कुशल असेल तर दंड त्याचा त्यालाच. आणि अडाणी गाडीवानाच्या गाडींत बसलेल्या प्रत्येकास शंभर पण. याज्ञवल्क्यानेंहि व्यवहाराध्यायांत हा विषय घेतला आहे. मनूच्या त्याच अध्यायांत वर्ण पाहून दंड कमीअधिक करण्याचे नियमहि आहेत, ते आज कोणी शहाणा माणूस मान्य करणार नाहीं. परंतु मालक, चालक आणि बसणारा यांचे दोष निरनिराळे तोलावेत, ही दृष्टि इतक्या जुन्या काळीं होती, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

मोटारीचा इतिहासहि या वादानेंच सुरू होतो. १७ ऑगस्ट १८९६ रोजीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपाशीं ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची बाई मोटारीखालीं सांपडून मेली. पेट्रोलच्या मोटारीनें पायीं चालणारें माणूस मारल्याचा ब्रिटनमधील हा पहिला प्रसंग मानला जातो. चालक म्हणाला, वेग ताशीं चार मैल होता. पाहणारी म्हणाली, गाडी आगीच्या बंबासारखी धांवत होती. पंचांनीं "अपघाती मृत्यु" असा निकाल दिला. सव्वाशेंहून अधिक वर्षें झालीं. चालकाचा वेग अजून पाहणाराच्या वेगाशीं जुळत नाहीं!

आपल्याकडे १९५६ च्या दुरुस्तीनें मोटार अपघातांच्या दाव्यांकरितां स्वतंत्र न्यायाधिकरणाची सोय झाली. पण तेथेंहि चालकाची हयगय सिद्ध केल्याशिवाय भरपाई नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं मुंबईकडून गेलेल्या एका प्रकरणांत स्पष्ट सांगितलें. गरीब विधवेनें रात्रींच्या अंधारांतला साक्षीदार कोठून आणावा? ही अडचण ओळखून १९८२ मध्यें कायदा दुरुस्त झाला आणि दोषाचा प्रश्न न काढतां मृत्यूबद्दल पंधरा हजार व कायमच्या अपंगत्वाबद्दल साडेसात हजार रुपये देण्याचें ठरलें. या कलमाची कसोटी आपल्याच रस्त्यावर लागली. पुणें-बंगलोर महामार्ग आमच्या तालुक्यांतून जातो. त्याच महामार्गावर सातारा जिल्ह्यांत २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहांटे पेट्रोलचा टँकर आणि कांद्याचा ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखालीं कलंडला, पेट्रोल गळूं लागलें, आसपासचे लोक जमले. चार तासांनीं स्फोट होऊन आग लागली आणि सेहेचाळीस माणसें मेलीं. टँकरच्या बाजूचें म्हणणें असें कीं, कलंडून पडलेली गाडी कांहीं चालत नव्हती, आणि लोक पेट्रोल नेत होते. तेव्हां हा मोटारीच्या उपयोगांतून झालेला अपघातच नव्हे. सर्वोच्च न्यायालयानें १९९१ मध्यें हें म्हणणें फेटाळलें. टक्कर, गळती आणि आग हीं एकाच सांखळीचीं कडीं आहेत, असें ठरून एका मृताच्या आईला ती बिनदोषाची भरपाई मिळाली. पंधरा हजारांसाठीं ती बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत ओढली गेली, हें वाचून वाईट वाटतें.

आतां ती रक्कम वाढली आहे. २०१९ च्या दुरुस्तीचा हा भाग १ एप्रिल २०२२ पासून अंमलांत आला. त्यांतील १६४ व्या कलमान्वयें कोणाची हयगय हें न सांगतां मृत्यूबद्दल पांच लाख आणि भारी दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मागतां येतात. हाड मोडणें ही कायद्याच्या दृष्टीनें भारी दुखापतच होय. त्याहून अधिक हवें असेल तर १६६ व्या कलमाखालीं दोष सिद्ध करावा लागतो. आणि तो दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आंत लावावा, असें नवी दुरुस्ती म्हणते. मला हें वाचून मोठें हायसें वाटलें. कारण भावजयींच्या मनांत भीति होती ती ही कीं, आपण खरें बोललों, दिवा नव्हता म्हणालों, तर त्या माणसाला कांहींच मिळणार नाहीं. म्हणून सर्व दोष खोटाच आपल्याकडे घ्यावा. हेतु उदात्त, पण त्याची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट कळली ती याहून महत्त्वाची. अपघातांत दोष वांटला जातो. मोटारसायकल चालविणाराची स्वतःची हयगय चौथ्या हिश्श्याची ठरली, तर त्याची भरपाई चौथ्या हिश्श्यानें कमी होते. सगळी बुडत नाहीं. आणि हा हिस्सा त्याच्या एकट्याच्या भरपाईतून जातो. मागें बसलेल्या बायकोच्या आणि मुलाच्या भरपाईस त्याची झळ नाहीं. दोन वाहनांच्या मिळून झालेल्या हयगयीनें तिसऱ्या माणसाला इजा झाली, तर तो आपली सर्व भरपाई दोहोंपैकीं कोणा एकाकडून मागूं शकतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१५ मध्यें सांगितलें. आणि चालकाचा दोष गाडींतल्या इतरांवर लादतां येत नाहीं, हें सप्टेंबर २०२४ मध्यें पुन्हा बजावलें. तें प्रकरण महामार्गावर सोडून दिलेल्या एका अवजड ट्रकवर मोटार आदळल्याचें होतें. मनूनें बसणारांस शंभर पण दंड केला होता. येथें आजचें न्यायालय मनूहून दयाळू आहे.

विमा कंपनीच्या वकिलांचा मात्र आग्रह होता कीं, आम्हीं सर्वस्वी नाकारावें. त्यांनीं तीन मुद्दे काढले : तिघें एका गाडीवर बसलीं होतीं, चालविणाराजवळ परवाना नव्हता, आणि दिवा नव्हता. गृहस्थ सज्जन, आपलें काम करीत होते. पण पहिल्या दोन मुद्द्यांवर पूर्वींच निकाल झालेले आहेत. परवाना नसणें हा गुन्हा असला, तरी तेवढ्यावरून अपघातांत त्याचा दोष होता असें ठरत नाहीं, हें २००८ मधलें. आणि दुचाकीवर तिसरें माणूस बसणें बेकायदा असलें, तरी त्यामुळेंच अपघात झाला किंवा इजा वाढली असें दाखविल्याशिवाय भरपाई कापतां येत नाहीं, हें २०२० मधलें. तिघांच्या ओझ्यानें कोरोचीच्या रस्त्यावर कांहीं घडलें नव्हतें. घडलें तें अंधारामुळें आणि वेगामुळें. म्हणून उरला तो दिव्याचा मुद्दा. तो खरा होता, आणि तो मांडावयाचा असें ठरलें. बंधूंना इतर दोन मुद्दे सोडणें जड गेलें. "दादा, लढाईंत हातचं शस्त्र टाकायचं?" असें ते म्हणाले. मी म्हणालों, ज्या शस्त्राला धार नाहीं तें बाळगून हात दुखतो.

गप्प बसावें, दाव्यांत हजरच होऊं नये, म्हणजे त्या गरिबाच्या वाटेंत आपण येणार नाहीं, असाहि एक विचार घरांत निघाला होता. तोहि फसवा आहे. गाडीचा मालक दावा लढवीत नाहीं असें दिसलें, तर १७० व्या कलमाप्रमाणें विमा कंपनी न्यायाधिकरणाची परवानगी घेऊन मालकाचे सर्व बचाव स्वतः घेऊं शकते. मग आपल्या अपघाताची हकीकत आपल्याऐवजीं, ज्यानें तो रस्ता कधीं पाहिला नाहीं असा माणूस सांगणार.

राहिला फौजदारी खटला. बेदरकारपणें वाहन हांकल्याबद्दल न्याय संहितेचें २८१ वें कलम लागतें. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. भारी दुखापत असली तर १२५ व्या कलमाखालीं तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. आमच्या स्नेह्यांचा सल्ला होता, कबूल करून दंड भरा. हा सल्ला आपल्या समाजांत फार दिला जातो, आणि तो देणारे दाव्याचा विचार करीत नाहींत. फौजदारी न्यायालयांत दिलेली ती कबुली पुढें न्यायाधिकरणापुढें पुरावा म्हणून ठेविली जाते. शिवाय दोन्हीकडचें माप निराळें आहे. फौजदारींत वाजवी संशयाला जागा न राहील इतका दोष सिद्ध व्हावा लागतो. दाव्यांत कोणतें पारडें जड एवढेंच पाहतात. दाव्यांत निम्मा दोष मान्य करणारा माणूस फौजदारींत निर्दोष सुटूं शकतो, यांत विसंगति नाहीं. आणि दोघांनीं गांवांत बसून मिटविलें म्हणून २८१ चा खटला मिटत नाहीं. तें कलम आपसांत तडजोड करण्याजोगें नाहीं.

आमच्या गाडीचें नुकसान थोडें होतें. तें विम्यांतून मागितलें नाहीं. दावा न केल्याबद्दल हप्त्यांत मिळणारी सूट चढत चढत निम्म्यापर्यंत जाते, ती घालविण्यापेक्षां कांच आणि दिवा पदरच्या पैशांनीं बसविला.

मुलानें जबाब लिहून दिला तो असा : मी ट्रॅक्टर ओलांडीत होतों, वेग सुमारें साठ होता, हॉर्न वाजविला नाहीं, समोरच्या गाडीला दिवा नव्हता आणि ती न थांबतां रस्त्यावर आली. चार वाक्यें. तेवीस मीटरांचा नकाशा मीं काढून दिला होता, तोहि जोडला. कंपनीच्या वकिलांनीं दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याविषयीं नाराजी दाखविली. वेग ही वस्तुस्थिति आहे, जबाबदारीची कबुली नव्हे, असें आमच्या वकिलांनीं त्यांना समजाविलें. तें त्यांना पुरतें पटलें असें मला वाटत नाहीं. परंतु मुलगा उलटतपासणीस घाबरत होता तो त्या दिवसापासून घाबरेनासा झाला, हें मीं प्रत्यक्ष पाहिलें. चारच गोष्टी लक्षांत ठेवावयाच्या होत्या, आणि त्या चारहि घडलेल्या होत्या.

दावा वर्षभरानें लोकअदालतींत मिटला. कंपनीनें जखमीच्या वांट्याचा कांहीं भाग कापला. बायकोचा आणि मुलाचा पूर्ण दिला. रक्कम येथें लिहीत नाहीं, ती त्यांची खाजगी बाब आहे. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतें, म्हणून दोन्ही बाजूंनीं सह्या करण्यापूर्वीं तो शांतपणें वाचावा. न्यायाधिकरणाचा निकाल असता तर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयांत जातां आलें असतें. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरांत उच्च न्यायालयाचें खंडपीठ बसूं लागल्यानें त्यासाठीं मुंबईचा हेलपाटाहि राहिला नाहीं. ही सोय झाली खरी. तिच्यामुळें आमच्याकडची भांडणांची हौस वाढूं नये म्हणजे झालें.

फौजदारी खटला अजून चालूं आहे. मागच्या तारखेस इचलकरंजीच्या न्यायालयांत मी पुतण्याबरोबर गेलों होतों. तो जखमी गृहस्थहि साक्षीसाठीं आला होता. काठी सुटली आहे, पण पाय किंचित् ओढीत चालतो. साक्षी त्या दिवशीं झाल्याच नाहींत. बाहेर चहाच्या गाड्यावर आम्ही तिघे उभे राहिलों. तो आपण होऊन म्हणाला, "गुरुजी, दिव्याचं तुमच्या पोरानं लिवलं ते खरंच हाय. आठ दिस बल्ब गेलेला. पगार शनवारी हुता, म्हटलं पगार झाल्यावर टाकू." आणि थोडें थांबून, "तो अपघात शुक्रवारचा." पुतण्यानें तिघांच्या चहाचे पैसे दिले. पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली आहे.